भांड्याचा तळ

"ह्यात काय कांडायचं असतंय?" वन्संनी विचारलं.

यंत्र नुकतंच खोक्यातून बाहेर निघालं होतं. तळघरातल्या ट्यूबलाइटखाली ते लाल रंगाचं लोखंडी धूड टेबलावर उभं होतं. खाली जाड बैठक, बाजूला लांब दांडा, आणि वर चार भोकांची चकती. ह्यांनी दांडा धरून खाली ओढला. मधला खांब वर सरकला आणि चकती कट् आवाज करून पाव फेरा फिरली.

"कांडायचं नाही, आक्का. काडतुसं भरायची," हे म्हणाले. "एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी नळी फेकायची नाही. तिला परत आकार द्यायचा, बुडाला नवी टोपी बसवायची, पावडर घालायची आणि तोंडावर गोळी दाबायची. त्यासाठी ह्या चकतीत साचे बसवायचे. प्रत्येक वेळी दांडा ओढला की पुढचा साचा आपोआप समोर येतो."

"म्हंजे जुन्या बाटलीत नवं लोणचं."

"तसंच."

"मग असं सांग की. खोकं आल्यापासनं बगतीया, मला वाटलं वैजूला मिक्सर आणलास."

आमची लेक शाल्मली खळखळून हसली. मी पायरीवर बसून माहितीपुस्तक वाचत होते, तिथूनच मीही हसले.

आम्ही तेव्हा नेब्रास्कातल्या एका लहान गावात राहत होतो. ह्यांची नोकरी ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. तिथल्या मंडळींबरोबर हे पिस्तुलाच्या नेमबाजीला जायला लागले आणि एका शनिवारी शाल्मलीलाही घेऊन गेले. ह्यांची ती करमणूकच राहिली. शाल्मली मात्र त्यातलीच झाली. सतरा वर्षांची होईपर्यंत ती रायफलच्या सामन्यांना उतरत होती, आणि त्या उन्हाळ्यात राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड होती. विकतची काडतुसं तिच्या रायफलीला मानवत नव्हती. लांबच्या लक्ष्यावर एक गोळी इकडे जायची, दुसरी तिकडे. ह्यांच्या एका मित्राच्या यंत्रावर मोजूनमापून भरलेली काडतुसं मिळाली तेव्हा तिच्या गोळ्या एका बशीत मावतील अशा पडायला लागल्या. म्हणून आम्ही आमचं यंत्र घेतलं.

लोकांना नवल वाटायचं की हे सगळं माझ्या घरात कसं. माझी रोजची पूजा, गुरुवार, एकादश्या. सकाळी स्नान झालं की पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत मी कोणाशी बोलत नसे. त्यात हे. मला त्यात विसंगत काही वाटलं नाही. सासरी खंडेनवमीला तलवारीशेजारी ट्रॅक्टरचे पाने मांडून पूजा होते. हत्यार जपून हाताळायचं असतं, त्याला नाक मुरडायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून त्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आल्या होत्या. हे अगदी लहान असताना सासूबाई गेल्या. तेव्हापासून ह्यांना वाढवलं ते वन्संनी, आणि त्यापायी स्वतःचं लग्नही लांबवलं. ह्यांना त्या अजून यशा म्हणत. कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा माणूस त्यांच्यापुढे बसून मुकाट्याने डोक्याला तेल लावून घ्यायचा.

"चला, बसवून टाकू," म्हणत ह्यांनी ड्रिल उचललं.

"थांबा," मी म्हटलं. "टेबल हलतंय."

"कुठे हलतंय?"

"दांडा जोराने ओढा."

ह्यांनी ओढला. टेबलाने एक पाय उचलला.

"पोथीसारखं पहिल्या पानापासून वाचतेस तू ते पुस्तक," हे जरा चिडून म्हणाले.

"मग कुठून वाचायचं?"

टेबलावर जाड फळी टाकली, तिच्यातून आरपार बोल्ट घातले आणि खालच्या कप्प्यात, हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर टाकायच्या मिठाची पोती रचली. मग ते टेबल असं बसलं की दांड्याला लोंबकळलं तरी हलेना. साचे बसवायला पुढचे दोन दिवस गेले. प्रत्येक साचा किती खाली उतरवायचा, कुठे थांबवायचा, त्याची कडी कुठे आवळायची, हे मी वाचून सांगायचे आणि शाल्मली तिच्या सडपातळ बोटांनी करायची. पिस्तुलाचे साचे एका चकतीत, रायफलीचे दुसरीत. चकती बदलली की काम बदललं. पावडर मोजून सोडणारं उभट भांडं मात्र दोघांना मिळून एकच होतं. तपकिरी झाक असलेलं प्लास्टिक, आतलं अंधुक दिसायचं. गरज असेल त्या चकतीवर ते चढवायचं.

बसवून झाल्यावर वन्सं वरून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"आक्का, त्याला ओलं काही लागता कामा नये हं," हे म्हणाले.

"कुंकू कोरडंच असतंय, शाण्या," असं म्हणत त्यांनी दांड्याच्या मुठीला बोट टेकवलं.

त्याच संध्याकाळी मी पुस्तकातली लाल चौकटीतली सूचना सगळ्यांना बसवून मराठीत वाचून दाखवली. दोन पावडरी कधी एकत्र होऊ द्यायच्या नाहीत. बैठक संपली की भांड्यातली पावडर तिच्या डब्यात परत ओतायची आणि भांडं रिकामं करून ठेवायचं. पिस्तुलाची पावडर भसकन जळते, रायफलीची दमादमाने. रायफलीच्या मापाने पिस्तुलाची पावडर भरली गेली तर गोळी पुढे सरकण्याआधीच सगळा जोर मागे उसळतो आणि रायफल फुटते. आणि ती फुटते तेव्हा नेम धरणाऱ्याचा गाल तिला टेकलेला असतो.

"कळलं ना सगळ्यांना?" मी विचारलं.

"कळलं, गुरुजी," शाल्मली म्हणाली.

वन्संनीही मान हलवली.

पुढे आठवडाभरात एक लहानशी गोष्ट घडली. पावडर तोलायचा नाजूक काटा होता. त्याच्या पितळी पारड्याला बोटांचे डाग पडले म्हणून वन्संनी ते पदराला पाणी लावून पुसलं. हे नेमके कारखान्यातून वैतागून आले होते. ओलं पारडं बघून ओरडले, "आक्का, कळत नाही तर हात कशाला लावतेस?" एवढंच. पण वन्सं त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही, "मला उपास हाय" म्हणाल्या. तो उपास कुठल्या पंचांगात नव्हता. ह्यांनी जवळ जाऊन चार वेळा समजूत घातली तेव्हा कुठे त्यांनी ताट ओढलं. त्यानंतर त्या तळघराच्या पायऱ्या उतरल्या तरी हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या, देवळात सोवळ्याच्या वेळी बाहेरचं माणूस उभं राहतं तशा.

निवडीच्या आधी गुरुपौर्णिमा आली. ओमाहाच्या देवळात त्या दिवशीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा, म्हणून मी आदल्या दिवशीच तिकडे मुक्कामाला गेले. परत आले तेव्हा शाल्मलीने दारातच मला निळा डबा उघडून दाखवला. तिची सगळी काडतुसं भरून तयार होती. आदल्या दिवशी बाबांनी स्वतःची पिस्तुलाची भरली होती, आणि आज बापलेकीने मिळून तिची. एकसारख्या पितळी रांगा चकाकत होत्या.

"सगळी तोलून?" मी विचारलं.

"सगळी तोलून. आई, ह्या वेळी मी संघात आहे. तू बघ."

निवडीच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. माझं स्नान झालं होतं, अध्याय व्हायचा होता. मी ओट्यापाशी उभी राहून चंदन उगाळत होते. शेजारी वन्सं वाटेत खायला दशम्या भाजत होत्या. माझं तोंड बंद असलं की त्यांना बोलायला मोकळं रान मिळायचं. मध्ये थांबवणारं कोणी नसे.

"तू नव्हतीस तर मी काय नुसती बसून न्हवते हं," त्या म्हणाल्या. "परवा यशाला कारखान्यातनं फोन आला, तसाच उठून पळाला. ते वरचं भांडं अर्धं भरल्यालं तसंच. म्हटलं, आपुन आवरून ठिवावं. मागल्या खेपंला बोलला मला. तर ते वतलं त्याच्या त्याच डब्यात, आन कोरड्या फडक्यानं पुसलं. कोरड्या हं. आल्यावर त्याला कळलं पण न्हाई कुणी केलं. मी बी न्हाई सांगितलं."

त्यांनी दशमी उलटली.

"आन तळाला जरासं ऱ्हाऊ दिलं बग. त्यांच्या पुस्तकात काय का असंना, आपल्या हातनं भांडं पार रिकामं न्हाई करायचं. चार दाणं असावंत. लक्ष्मीला परतायला जागा लागती."

माझा हात सहाणेवर थांबला.

माझ्या स्वतःच्या तांदळाच्या डब्यात त्या क्षणीही तळाला मूठभर तांदूळ होते. आईने शिकवलं, सासरी तेच पाहिलं, मी कधी डबा खरवडला नाही. शाल्मली लहानपणी धान्याचा डबा उपडा करायची तेव्हा मीच तिचा हात धरला होता. त्यामुळे वन्संनी काय केलं असेल ते मला जणू डोळ्यांसमोर दिसलं. भांडं तिरपं करून, तळ झाकला जाईल एवढी पावडर मागे ठेवून, समाधानाने टोपण लावणारे हात. आणि त्यावर दुसऱ्या दिवशी रायफलीची पावडर ओतली गेली. तपकिरी प्लास्टिकमधून आत करड्यावर करडं. कोणाला दिसणार?

मी सहाण खाली ठेवली आणि अंगणात गेले. हे टायरची हवा बघत होते. मागचं दार उघडं होतं, रायफलीची पेटी आत ठेवलेली, तिच्यावर निळा डबा. मी डबा उचलला आणि घरात चालू लागले.

"अगं, काय झालं?" हे मागून म्हणाले. "तो लागणार आहे."

शाल्मली पाण्याच्या बाटल्या घेऊन दारात आली. "आई? आई, तो माझा आहे. कुठे नेतेस?"

"पूजेला ठिवती आसंल," वन्सं स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ठिवू दे की. बरंच हाय."

आमचं देवघर बैठकीतल्या कपाटात होतं. मी पाटावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि पोथी उघडली.

मौन मोडायला मी तयार नव्हते असं नाही. पोरीच्या जिवापुढे नेम काय घेऊन बसायचं. पण डबा आता माझ्या मांडीवर होता, म्हणजे पोरीच्या जिवाचा प्रश्न संपला होता. उरलं होतं ते दुसरंच. तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य निघालं असतं ते "वन्सं, हे काय करून बसलात?" आणि हे दारातच उभे होते. ओल्या पारड्यासाठी जो माणूस तसा ओरडला, तो ह्यावर काय बोलला असता? आणि जिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिने ते कुठे ठेवलं असतं? दोन दिवसांच्या उपासात भागणारी ती गोष्ट नव्हती. वन्संना आठवड्याने परत जायचं होतं, आणि त्या वयात पुन्हा येणं काही होणार नव्हतं.

मी अध्याय वाचला. सावकाश, एकही ओवी न गाळता. मागे शाल्मली येरझारा घालत होती. एकदा तिने म्हटलं, "बाबा, तिच्याकडून घ्या ना तो." हे म्हणाले, "वाचतेय ती." ह्यांनी माझ्या हातातलं कधी काही ओढून घेतलेलं नव्हतं. त्या दिवशीही घेतलं नाही. हे मी विसरणार नाही.

पोथी मिटून, नमस्कार करून मी उठले.

"ही काडतुसं आज वापरायची नाहीत," मी म्हटलं. "वाटेत दुकान लागेल तिथून विकतची घ्या."

"काय?" शाल्मली म्हणाली.

"का?" हे म्हणाले.

"ते मी आत्ता सांगणार नाही. खोटं कारण काढून देणार नाही, आणि खरं सांगणार नाही."

"आई, विकतच्यानं माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तरी?"

"तरी."

मी आवाज चढवला नव्हता. मला तो चढवता येतच नाही. पण माझ्या मनात तेव्हा तिळभर शंका नव्हती, आणि ती तिघांनाही ऐकू आली असावी, कारण कोणी डब्याला हात लावला नाही. ह्यांनी गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "चल शालू. उशीर होईल."

"हिला स्वप्न पडलं असेल," शाल्मली म्हणाली. "किंवा मांजर आडवं गेलं असेल." ती गाडीत बसली आणि तिने दार आपटलं. दशम्या ओट्यावरच राहिल्या.

दुपारी मी तळघरात बसले. चुकून भरलेलं काडतूस मोडायला एक प्लास्टिकची हातोडी असते. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचं. गोळी सुटून पडते आणि पावडर मोकळी होते. मी एकेक मोडत होते आणि पावडर पांढऱ्या बशीत ओतून बघत होते. वन्सं घेवड्याच्या शेंगा घेऊन खाली आल्या आणि शेजारी बसून शिरा काढू लागल्या.

"पोरीनं येवढं मर मर करून भरल्यालं मोडतीयास?"

"हो, वन्सं."

"काय सपान पडलं व्हतं का खरंच?"

"नाही."

त्यांनी पुढची शेंग उचलली. मी शेवटी भरलेल्या रांगेपासून सुरुवात केली होती, ती बरीच काडतुसं स्वच्छ निघाली. शेवयांचा चुरा असावा तशा बारीक करड्या काड्या, सगळ्या सारख्या. मी मोडत राहिले. मग एक काडतूस ओतलं आणि बशीत काड्यांमध्ये चपट्या, खसखशीएवढ्या टिकल्या पसरल्या.

वन्संनी शेंग खाली ठेवली आणि बशीवर वाकल्या. तांदळात खडा शोधावा तसं त्यांनी नखाने एक टिकली बाजूला केली, मग दुसरी.

"ह्यात दोन जातीचं हाय गं," त्या म्हणाल्या.

"हो."

पुढच्या काडतुसात काड्या जेमतेम होत्या. जवळजवळ सगळ्या टिकल्याच. मी ती बशी थोडी बाजूला सरकवली. वन्सं तिच्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी शेंगांची परडी उचलली, "कंबर धरली" म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकत जिना चढून गेल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

अंधार पडायच्या आत गाडी आली. शाल्मली कोणाकडे न बघता खोलीत गेली. तिची एका जागेने निवड हुकली होती. तिच्या पुढच्या मुलीपेक्षा एक चांगली गोळी पडली असती तर ती संघात असती.

"शेवटी वारा सुटला तेव्हा विकतचं काडतूस भरकटलं," हे बूट काढत म्हणाले. "स्वतःचं असतं तर बसलं असतं. तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे." आणि बूट कोपऱ्यात ठेवून, "शकुन-अपशकुन मानणारी बाई नव्हतीस तू, वैजू."

"अजूनही नाही," मी म्हटलं. तळघराची किल्ली मी माझ्याकडे ठेवली होती. रायफलीच्या पावडरीचा डबाही मी बाजूला काढून ठेवला होता, कारण उरलेली पावडर परत त्यातच ओतली गेली होती. वन्संचं विमान गेलं की त्याच दिवशी ह्यांना सगळं सांगायचं, हे माझं ठरलं होतं. तोवर घरात जो राग असेल तो माझ्या नावावर असू दे. माझ्या अंगाला तो लागत नव्हता. शाल्मली जेवायला यायची, ताट घ्यायची, खोलीत जायची. तिचे दोन्ही डोळे, दोन्ही हात जागच्या जागी बघून मला पुरत होतं. आज तिला स्वतःची मुलगी आहे. तिच्याविषयी बोलताना ती कधीकधी म्हणते, आई, तुला तेव्हा माझा राग कसा आला नाही? मी म्हणते, राग कसला, रुसलेली असूनही तू तुझं ताट धुऊन ठेवायचीस.

त्या आठवड्यात वन्सं नेहमीपेक्षा कमी बोलल्या. चिवडा केला, लिंबाचं लोणचं घातलं, ह्यांच्या डोक्याला तेल लावलं. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायच्या, काहीतरी विचारतील असं वाटायचं, आणि मग मिठाचा डबा कुठे ठेवला असलं काही विचारून जायच्या. परतायचे वेध लागले असतील असं मी मनाशी म्हटलं.

ओमाहाच्या विमानतळावर आम्ही सगळेच गेलो. शाल्मलीही आली, आत्यासाठी. सामान गेलं, आणि जिथून पुढे आम्हाला जाता येणार नव्हतं त्या दोरीपाशी आम्ही उभे राहिलो. हे खाली वाकले पाया पडायला. वन्संनी ह्यांचा खांदा धरून ह्यांना उभं केलं.

"थांब यशा. आदी ऐकून घे. पोरीची काडतुसं मी बिघडवली."

"काय बोलतेस, आक्का?"

"तुज्या त्या भांड्याच्या तळाला मी पावडर ठिवली हुती. तुजी, पिस्तुलाची. तू फोन आला म्हणून पळालास त्या दिशी. त्याच्यावर तुमी हिची वतली. वैजूला मीच सांगितलं, दशम्या भाजताना. बडबडण्याच्या नादात. ती तिथनं उठली ती थेट गाडीकडं. आन दुपारी तिनं मोडून बशीत वतलं तवा मी बगितलं. तांदूळ निवडण्यात जलम गेला माजा, मला दोन जाती कळत न्हाईत व्हय?"

"वन्सं," मी म्हटलं.

"तू गप. तुजं मौन लई मोठं हाय, पर ह्यात नगं. आठ दिस वाट बगतीया, आज सांगंल, उद्या सांगंल. पोर तोंड फिरवून जेवती, नवरा घुम्यावानी बसतो, आन ही आपली गप. मला झाकतीयास व्हय? मी काय फुटकी पाटी हाय झाकून ठिवायला?"

मी इतके दिवस पदर धरून उभी होते, आणि ज्यांच्यावर धरला होता त्यांना त्याची गरजच नव्हती. मागून लोक चाकांच्या पेट्या ओढत आमच्या बाजूने जात होते.

मी ह्यांच्या हाताला हात लावला, कारण आता काय होईल ह्याचीच मला भीती होती. पण हे ओरडले नाहीत. आधी शाल्मलीकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे, बराच वेळ. मग म्हणाले, "आक्का, भांड्यात घालण्याआधी आत बघायचं काम माझं होतं."

"ते तुजं तू बग. मी माजं सांगितलं." आणि मग आवाज थोडा खाली आणून, "बोलायचं आसंल तर आत्ता बोल. घरी जाऊन फोनवर नगं."

"काही बोलायचं नाही," हे म्हणाले आणि वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवले. वन्संनी ह्या वेळी थांबवलं नाही.

शाल्मली माझ्याकडे बघत होती. "तू मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. "मी तुला किती..."

"तू घरी सांगितलं असतंस," मी म्हटलं. "तुला गुपित ठेवता येत नाही. ते चांगलंच आहे."

ती वन्संकडे वळली. "आत्या, पावडर मी ओतली होती. बाबांनी नाही. डबा माझ्या हातात होता. मी आत बघायला पाहिजे होतं."

आम्हाला वाटलं, वन्सं तिला जवळ घेतील, असू दे बाळ म्हणतील. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बगायलाच पायजे हुतं."

शाल्मलीला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नसावं. वन्संनी पिशवी खांद्याला लावली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.